कॉन्स्टँटिनोपल १४५३: श्रेय एकट्या मेहमेदचं की आधीच्या सहा पिढ्यांचं?

बोरूबहाद्दर

आपण सगळ्यांनी शाळेत कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) एका वाक्यात उरकलंय. १४५३ साली तुर्कांनी ते घेतलं, खुष्कीचा मार्ग बंद पडला, युरोपीय लोक समुद्रमार्गे निघाले, दोन गुण खिशात. पुढे कधीतरी माहितीपट बघताना दुसरं वाक्य कळतं: एकवीस वर्षांच्या सुलतान मेहमेदने अवाढव्य तोफ ओतून घेतली, जहाजं टेकडीवरून ओढून नेली आणि भल्याभल्यांना न जुमानणारी तटबंदी त्रेपन्न दिवसांत फोडली.

हे दुसरं वाक्य मला पहिल्याइतकंच अपुरं वाटतं. मेहमेद हा उस्मानी घराण्याचा मूळपुरुष उस्मान याच्यापासून सातवा. त्याच्या वाट्याला आलेलं शहर आधीच्यांनी चहूबाजूंनी सोलून ठेवलं होतं. उस्मानने १३०२ मध्ये बाफियसला बायझंटाईन (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्व रोमन साम्राज्याची) फौज हरवली. ओरहानने १३२६ मध्ये बुर्सा, १३३१ मध्ये निकिया, १३३७ मध्ये निकोमेडिया घेतलं, म्हणजे समोरचा आशियाई किनारा जवळपास संपला. १३५४ मध्ये गॅलिपोली हाती आलं आणि युरोपात पाय पक्का झाला. पहिल्या मुरादच्या काळात एडिर्ने पडलं आणि पुढे राजधानीच तिकडे गेली. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला बुर्सा, दुसऱ्या बाजूला एडिर्ने, मधोमध कॉन्स्टँटिनोपल. रोमन सम्राट म्हणवणारा माणूस वेशीबाहेर रपेट मारायला निघाला तर तासाभरात उस्मानी मुलखात शिरायचा.

अरबांनी सातव्या-आठव्या शतकांत हेच शहर घ्यायचा प्रयत्न केला तो हजारो कोसांवरून येऊन. उस्मानी आले नाहीत, ते तिथेच राहत होते. माझ्या मते १४५३ चं उत्तर इथे आहे. तुम्हाला काय वाटतं?

ताकपिठलं

वाचतेय. पानिपत कितव्या प्रतिसादात येतं ते बघायला थांबले आहे. :)

तोफखाना

बोरूबुवा, निम्मं पटलं. पण तुमचा हिशेब खरा असेल तर शहर १३९४ लाच पडायला हवं होतं. मेहमेदचा पणजोबा बायझीद याने (विजेसारखा झडप घालतो म्हणून यिल्दिरिम) आठ वर्षं नाकेबंदी केली. तेव्हा एडिर्ने होतं, बुर्सा होतं, गॅलिपोली होतं. सर्बिया मांडलिक. सोडवायला आलेले क्रूसेडवाले त्याने १३९६ मध्ये निकोपोलिसला कापून काढले. तरी तट उभाच. मग १४२२ मध्ये दुसरा मुराद, म्हणजे मेहमेदचा बाप, वेढा घालून बसला आणि हात हलवत परत गेला.

सगळं तेच होतं, निकाल वेगळा. मग १४५३ मध्ये नवीन काय? तोफा, आरमार आणि बॉस्फरस सामुद्रधुनीच्या युरोपीय काठावरचा किल्ला. तिन्ही मेहमेदची. ऑर्बान नावाचा तोफा ओतणारा कारागीर आधी सम्राट कॉन्स्टंटाईनकडे गेला होता, तिथे पगार परवडेना म्हणून सुलतानाकडे आला. त्याची मोठी तोफ सुमारे आठ मीटर लांब, दगडी गोळा पाच क्विंटलच्या वर. एडिर्नेहून शहरापर्यंत साधारण २४० किलोमीटर ती साठ बैलांनी ओढत आणली, पुढे रस्ता नीट करायला माणसं वेगळी. हे पणजोबाने करून ठेवलं नव्हतं.

गंगाधरसुत

@तोफखाना, आयडी तोफखाना असूनही तोफेच्या बाबतीत बापावर अन्याय केलात. :) दुसऱ्या मुरादने १४४६ च्या डिसेंबरात कोरिंथच्या संयोगभूमीवरची हेक्झामिलियन नावाची भिंत तोफांनीच फोडली. बायझंटाईनांनी ती काही वर्षांपूर्वी खर्च करून पुन्हा उभी केली होती. मेहमेदच्या राज्यारोहणाआधीच या घराण्याला दगडी तटावर तोफ कशी चालते याचा अनुभव होता. मोठी तोफ नवीन असेल, तोफखाना नवा नव्हता.

आरमाराचंही तेच. १४५३ ची जहाजं कुठून निघाली? गॅलिपोलीहून. तिथली गोदी बायझीदने बांधून घेतली. राहिला किल्ला. आशियाई काठावरचा अनादोलू हिसार बायझीदचाच, वेढ्याच्या वेळचा. मेहमेदने त्याच्या बरोब्बर समोर दुसरा बांधला. पणजोबाने दाराचं एक कवाड लावलं होतं, पणतूने दुसरं.

सह्यवेडा

दोन्ही किल्ले पाहिलेत. अनादोलू हिसार छोटासा, ओढ्याकाठी घरांमध्ये दडलेला. रुमेली हिसार मात्र पाहणाऱ्याचं डोकं फिरवतो. उतारावर चढत गेलेला तट, तीन थोराड बुरूज, आणि १४५२ मध्ये एप्रिल ते ऑगस्ट एवढ्यातच उभा केलेला! खालून सामुद्रधुनी वाहते, तिथे तिची रुंदी जेमतेम ७०० मीटर. सगळ्यात अरुंद जागा. पलीकडच्या काठावर चाललेला माणूस दिसतो.

गंमत बुरुजांच्या नावांत आहे. एक झाअनोस पाशाचा, एक सारुजा पाशाचा आणि पाण्यालगतचा हालील पाशाचा. सुलतानाने वजिरांना एकेक बुरूज वाटून दिला. आता हा चांदार्ली हालील पाशा वेढ्याच्या विरोधात होता हे लक्षात घ्या. जी मोहीम होऊ नये म्हणून तो धडपडत होता तिचाच बुरूज त्याच्या देखरेखीखाली उभा राहिला! बांधून झाल्यावर हुकूम निघाला की येणाजाणाऱ्या प्रत्येक जहाजाने थांबून जकात भरायची. नोव्हेंबरात रिझ्झो नावाच्या व्हेनिशियन कप्तानाने न थांबता जहाज दामटलं, एका गोळ्यात ते बुडालं. काळ्या समुद्राकडून शहरात येणारं धान्य आता किल्लेदाराच्या मर्जीवर.

नीलाक्षी

उस्मानी पिढ्यांची मोजदाद चालू आहे, पण समोरच्या पिढ्यांनी काय केलं तेही बघा की. गॅलिपोलीची गोष्ट एका ओळीत संपली, ती सविस्तर सांगण्याजोगी आहे.

१३४१ ते १३४७ बायझंटाईन दरबारात यादवी चालू होती. सिंहासनाचा एक दावेदार जॉन कँटाकुझेनोस. त्याने मदतीसाठी ओरहानचे तुर्क घोडेस्वार बोलावले आणि १३४६ मध्ये स्वतःची मुलगी थिओडोरा ओरहानला दिली. ओरहान तेव्हा साठीच्या घरात. तुर्क सैनिक युरोपात पहिल्यांदा मोठ्या संख्येने वावरले ते असे सम्राटाच्या आमंत्रणाने. वाटा, घाट, किल्ले, कुठे धान्य आहे आणि कुठे पहारा नाही, सगळं बघून झालं. यादवी संपतेय तोवर प्लेग आला.

१३५२ च्या सुमारास ओरहानचा मुलगा सुलेमान गॅलिपोलीजवळच्या झिम्पे नावाच्या छोट्या किल्ल्यात बसला तो उठेचना. कँटाकुझेनोस पैसे देऊन तो परत मागत होता, बोलणी चालू होती. इतक्यात मार्च १३५४ मध्ये मोठा भूकंप झाला. गॅलिपोलीचा तट कोसळला, लोक घरंदारं सोडून पळाले. सुलेमानने माणसं आणली, बायकापोरांसकट वसवली, पडलेला तट बांधून घेतला. सम्राटाने तक्रार केली तर उत्तर आलं की शहर आम्ही जिंकलेलं नाही, देवाने तट पाडून आम्हाला दिलंय. त्याच वर्षाखेर कँटाकुझेनोसला गादी सोडून मठात जावं लागलं.

रिकामटेकडा

थोडक्यात, सासऱ्याने जावयाला चार दिवस बोलावलं आणि जावयाच्या मुलाने सातबाऱ्यावर नाव लावून घेतलं.

कोकणकडा

नीलाक्षीताई, मस्त प्रतिसाद. यात आणखी दोन भर घाला.

पहिली: १२८५ मध्ये अँड्रोनिकस दुसरा याने खर्च परवडत नाही म्हणून आरमार मोडीत काढलं. जेनोआवाल्यांची जहाजं आहेतच की मदतीला, असा हिशेब. समुद्राने तीन बाजूंनी वेढलेल्या शहराच्या राजाने हे करावं! बेकार झालेले खलाशी तुर्कांच्या नोकरीत गेले ते वेगळंच.

दुसरी: १२०४. हे शहर पहिल्यांदा फोडलं ते तुर्कांनी नाही, चौथ्या क्रूसेडच्या ख्रिस्ती लोकांनी. व्हेनिसच्या सेंट मार्कवरचे ते चार ब्राँझचे घोडे इथूनच उचललेले. १२६१ मध्ये ग्रीकांनी शहर परत मिळवलं खरं, पण मिळालं ते लुटलेलं, अर्धं ओस पडलेलं. १४५३ मध्ये आत उणेपुरे पन्नास हजार लोक उरले होते आणि लढणारे परदेशी धरून सात-आठ हजार. तटाच्या आत शेतं होती. तेव्हा श्रेय वाटायचंच तर पहिला हप्ता व्हेनिसला पाठवा.

(आणि हो, आरमार स्वतःच्या हाताने बुडवण्याबद्दल आपण फार बोलू नये. विजयदुर्ग, १७५६.)

ताकपिठलं

विजयदुर्ग आला! पानिपत आता पुढचंच स्टेशन.

पेठेतला

सगळे ‘वाट तयार केली, वाट तयार केली’ म्हणताहेत. जणू उस्मानने कंत्राट काढलं आणि सातव्या पिढीने कामाचा पूर्णत्वाचा दाखला घेतला. १४०२ विसरला काय?

२८ जुलै १४०२, अंकारा. तैमूरने बायझीदला नुसतं हरवलं नाही, जिवंत पकडलं. कैदेतच तो मेला. त्यानंतर अकरा वर्षं त्याची पोरं आपसांत लढत होती. एका मुलाने, सुलेमान चेलेबीने, बायझंटाईनांचा पाठिंबा मिळावा म्हणून थेस्सालोनिकी त्यांना परत देऊन टाकलं. ते परत घ्यायला १४३० उजाडलं! याला वाट तयार करणं म्हणतात होय? त्या अकरा वर्षांत हे राज्य अनातोलियातल्या (आजच्या आशियाई तुर्कस्तानातल्या) इतर दहा-बारा अमीरातींसारखं संपून गेलं असतं तर आज इथे धागाही निघाला नसता.

आणि बायझीदचा वेढा फसला तो तटामुळे नाही, तैमूरमुळे. सम्राट मॅन्युएल बिचारा तेव्हा मदत मागत पॅरिस-लंडन फिरत होता. १४०० चा नाताळ त्याने इंग्लंडच्या राजाकडे साजरा केला. तिथे आदरसत्कार झाला, फौज मिळाली नाही. शहर वाचवलं ते समरकंदच्या लंगड्याने, तेही स्वतःच्या भांडणापायी. एक मुसलमान राजवट वाट बांधते, दुसरी येऊन उखडते. इतिहास मागून वाचला की सगळं सरळ रेषेत दिसतं.

गंगाधरसुत

पेठेतला, मुद्दा जबरदस्त. पण तुमचाच दाखला उलटा करून बघा. इतका मार खाऊनही हे राज्य अकरा वर्षांत पुन्हा एक झालं. का झालं? कारण युरोपातला भाग, शिपाई, जमिनीची व्यवस्था, वजीर घराणी सगळी जागेवर होती. तैमूरने अनातोलियातल्या जुन्या अमीरांना त्यांच्या गाद्या परत दिल्या, पण बाल्कनला तो शिवलाच नाही. पहिल्या दोन-तीन पिढ्यांचं काम तिथे मुरलेलं होतं.

हालील पाशाचं उदाहरण वर आलंच आहे. त्याचा आजोबा कारा हालील हा पहिल्या मुरादचा वजीर, त्यानंतर चुलता, बाप, मग हा. सुलतानांच्या पिढ्या मोजताना या चांदार्लींच्याही मोजा.

सोलापुरी_चादर

अवांतर आहे, पण आमच्याकडचा धागा जोडायचा मोह आवरत नाही. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक युसुफ आदिलशहा हा दुसऱ्या मुरादचा मुलगा, म्हणजे मेहमेदचा भाऊ, असं इतिहासकार फरिश्ताने लिहून ठेवलंय. मेहमेद गादीवर आल्यावर भावांना मारण्याचा हुकूम निघाला, आईने दुसरं पोर पुढे करून याला इराणकडे पळवलं, तिथून तो दख्खनला आला, अशी कथा. बहुतेक इतिहासकार ती मानत नाहीत. दरबारी घराण्याला भारदस्त कूळ चिकटवायची जुनी हौस. पण कथेमागचा संदर्भ खरा आहे: १४५१ मध्ये गादीवर येताच मेहमेदने तान्ह्या सावत्र भावाला मारवलं होतं.

तोफेचा धागा मात्र पक्का आहे. विजापूरच्या शेर्झा बुरुजावरची मुलूख-मैदान ही १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी, म्हणजे उस्मानी मुलखातला. वजन ५५ टनांच्या आसपास, तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात सापडलेला हत्ती. लहानपणी आम्ही सहलीला गेलो की गुरुजी तोंडात डोकावू द्यायचे, आत पोरगं सहज बसेल एवढी जागा. एडिर्नेच्या भट्टीत जी विद्या तयार झाली तिचा हात नगरपर्यंत पोचला होता हे तिथे उभं राहून कळतं.

मांडवीकाठ

धागाकर्त्यांनी सुरुवातीला टोमणा मारलेल्या त्या शाळेच्या वाक्याबद्दल बोलू का? खुष्कीचा मार्ग ‘बंद’ झाला हे फारच ढोबळ आहे. व्हेनिसने १४५४ मध्येच मेहमेदशी तह करून व्यापार पुन्हा सुरू केला. आणि मिरी-लवंग मुख्यतः कॉन्स्टँटिनोपलवरून जातच नव्हती. ती तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला जायची, तिथे ममलूकांचं राज्य. इजिप्त उस्मान्यांनी घेतलं १५१७ मध्ये. वास्को द गामा तोवर कालिकतला येऊन एकोणीस वर्षं झाली होती, अल्बुकर्कने गोवा घेऊन सात. पोर्तुगीज तर १४१५ पासूनच, सेउता घेतल्यापासून, आफ्रिकेच्या किनाऱ्याने हळूहळू सरकत होते. दर वाढले, जाच वाढला, सगळं खरं. पण कुलूप लागलं नव्हतं.

शंकासुर

एक सरळ प्रश्न. इतक्या पिढ्या मुसलमान राजे एकाच शहराच्या मागे का? धर्म हेच कारण ना? उगाच तोफा-बोटींच्या गप्पा कशाला?

नीलाक्षी

@शंकासुर, धर्म होताच, नाकारतंय कोण? शहर जिंकणाऱ्या सेनापतीची स्तुती करणारा हदीस (पैगंबरांचं वचन) सगळ्यांना पाठ होता. अरबांच्या पहिल्या स्वारीत पैगंबरांचे सहकारी अबू अय्यूब तटाजवळ वारले होते. १४५३ मध्ये मेहमेदचे गुरू अकशमसेद्दीन यांनी त्यांची कबर ‘शोधली’, तिथे मशीद झाली, पुढे प्रत्येक नवा सुलतान तिथेच तलवार बांधायला जाऊ लागला.

पण तटाच्या दोन्ही बाजूंची माणसं मोजा. वेढा घालणाऱ्यांत सर्बियाच्या राजाने पाठवलेले ख्रिस्ती स्वार होते, आणि तटाखाली सुरुंग खणणारे नोव्हो ब्र्दोच्या चांदीच्या खाणीतले कामगार. तोफ ओतणारा ख्रिस्ती. उलट आतून लढणाऱ्यांत ओरहान नावाचा उस्मानी शहजादा, आपल्या तुर्क माणसांसकट! पिढ्यानपिढ्या हेच मांडलिक जमवले गेले होते म्हणून तर बोरूबहाद्दरांचा मुद्दा मला पटतो.

व्यवस्थापक

धागा छान चालला आहे. धर्मावरून वैयक्तिक टीका करणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. विषयावर राहावे.

रिकामटेकडा

माझा नव्हता. माझा अजून लिहून व्हायचाय.

तोफखाना

नीलाक्षीताईंनी शहजादा ओरहान काढला, त्यात माझं उत्तर आहे.

बायझंटाईनांचं शेवटचं खरं हत्यार तट नव्हता, उस्मानी राजपुत्र होते. गादीचा एखादा दावेदार पाळायचा, सुलतान अंगावर आला की त्याला सोडून द्यायचं. १४२२ चा वेढा असाच उठला. मुरादचा धाकटा भाऊ अनातोलियात उभा केला, मुराद तिकडे धावला. १४५१ मध्ये कॉन्स्टंटाईनने तोच डाव पुन्हा टाकला: ओरहानच्या पोटगीची रक्कम वाढवून द्या, नाहीतर त्याला मोकळा सोडू. हे ऐकून हालील पाशा, जो खरं तर त्यांचा मित्र, वकिलांवर भडकला की मूर्खांनो, हा बाप नव्हे, हा वेगळा आहे.

म्हणजे मेहमेदला वारशात काय काय मिळालं बघा. मुलूख मिळाला, फौज मिळाली, गोदी मिळाली. पण शहराच्या नादी लागू नका, खंडणी घ्या आणि गप्प राहा, असं सांगणारा वजीरही वारशातच मिळाला. तीन पिढ्यांचं शहाणपण त्याच्या मुखातून बोलत होतं. बाराव्या वर्षी गादी मिळालेली आणि चौदाव्या वर्षी काढून घेतलेली, हे मेहमेद विसरला नव्हता. वेढ्यात २० एप्रिलला चार ख्रिस्ती जहाजं त्याच्या आरमाराच्या नाकावर टिच्चून आत शिरली, तेव्हाही हालील म्हणत होता की आता तह करा. दोन दिवसांनी, २२ एप्रिलला, सुलतानाने बंदराच्या तोंडावर आडव्या बांधलेल्या साखळीला वळसा घालून जहाजं टेकडीवरून ओढत गोल्डन हॉर्नमध्ये, म्हणजे शहराच्या बंदराच्या खाडीत, उतरवली. शहर पडल्यावर काही दिवसांत हालीलला अटक झाली आणि मग डोकंच उडवलं.

बोरूबहाद्दर

तोफखाना, हा मुद्दा आवडला आणि बराचसा मानतो. पूर्वजांनी वेढा घालणं शक्य करून ठेवलं, पण घालायचा की नाही हे त्यांनी ठरवलं नव्हतं. उलट शेवटी शेवटी ते ‘नको’कडेच झुकले होते. तरीही माझा पाया हलत नाही. हाच एकवीस वर्षांचा, हाच हट्टी मुलगा १३२० साली जन्मला असता तर गॅलिपोलीपलीकडे गेला नसता.

पेठेतल्यांना एवढंच: वाट बांधणाऱ्याला आपण कुठे जाणारी वाट बांधतोय हे माहीत असायलाच हवं असं नाही. ओरहानला बहुतेक नुसतं गॅलिपोलीच हवं होतं.

पेठेतला

हे चालेल. ‘माहीत नव्हतं’ एवढं धाग्याच्या शीर्षकात घाला, मी सही करतो.

ताकपिठलं

पुढच्या मे महिन्यात इस्तंबूलला जायचं चाललंय. तट बघायला कुठे जाऊ? पानिपत आलं नाही म्हणून बक्षीस समजा.

सह्यवेडा

ट्रामने तोपकापी थांब्यावर उतरा (राजवाड्याचा तोपकापी वेगळा, तिथे जाऊ नका, सगळे चुकतात). मधल्या सखल भागात लायकस ओढा होता, तिथला तट सगळ्यात कच्चा, मुख्य मारा तिथेच झाला. ओढा आता मोठ्या हमरस्त्याखाली गेलाय. तिथून तटाच्या कडेने दक्षिणेला येदिकुलेपर्यंत चालत जा. बाहेरचा खंदक, मग बाहेरचा तट, मग बारा मीटर उंचीचा आतला तट, तिन्ही ओळी ओळखू येतात. येदिकुलेजवळ तटालगत आणि जुन्या खंदकात भाजीचे मळे आहेत, तिथलं लेट्यूस प्रसिद्ध. पाण्याची बाटली आणि चांगले बूट घ्या, वाटेत सावली नाही. साखळीचे तुकडे बघायचे असतील तर हार्बियेच्या लष्करी संग्रहालयात. एकेक कडी हातभर लांब.

ताकपिठलं

आभार! खंदकातलं लेट्यूस खाऊन येते.

कोकणकडा

बोरूबुवा, आता १४६१ चं ट्रेबिझोंड घ्या पुढच्या धाग्याला. तिथेही एक सम्राट होता आणि त्याची भिस्त होती उझून हसनवर.

रिकामटेकडा

हा उझून हसन कोण?

कोकणकडा

त्या घराण्याचा जावई.